अंक ३५ आलाच नाही: टेबलटॉप आरपीजी मासिकाची वर्गणी आणि उत्तर न देणारी ग्राहकसेवा

वीसपैलू (कोलंबस, ओहायो)

नमस्कार मंडळी. इथे टेबलटॉप आरपीजी (रोल-प्लेइंग गेम) खेळणारे बरेच जण आहेत, म्हणून इथेच विचारते. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येकाचे एक पात्र असते, एक जण गोष्ट चालवतो (त्याला आम्ही डीएम म्हणतो) आणि अडेल तिथे फासे निकाल देतात. आमच्या घरी एक शनिवार सोडून एक शनिवार, संध्याकाळी सहाला टेबल बसते. पाच खेळाडू, सगळे मराठी, डीएम मी. वर्णन मराठीत, आकडे इंग्रजीत.

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्याच गावच्या ओरिजिन्स गेम फेअरला एका छोट्या प्रकाशनाचा स्टॉल होता. नाव लिहीत नाही, कारण मला त्यांना चव्हाट्यावर आणायचे नाही, अंक हवे आहेत. त्यांचे द्वैमासिक निघते आणि प्रत्येक अंकात एक तयार साहस, नकाशे, नवी पात्रे असे सगळे असते. अंक चाळता चाळता इतका आवडला की तिथेच दोन वर्षांची, म्हणजे बारा अंकांची वर्गणी भरली. स्टॉलवरच्या गृहस्थांनी कार्बन घातलेल्या पावतीपुस्तकावर माझा पत्ता हाताने लिहून घेतला. पहिला अंक ३०, शेवटचा ४१.

३० ते ३४ वेळेवर आले. मेचा ३५ आला नाही. जुलैचा ३६ही नाही. मधल्या काळात तीन ईमेल केल्या: ३ जून, १ जुलै, २० जुलै. तिन्हींना क्षणात एकच उत्तर, 'आपली तक्रार नोंदवली आहे', आणि खाली तक्रार क्रमांक. तीन ईमेल, तीन वेगळे क्रमांक. माणसाने लिहिलेली ओळ एकही नाही. फोन केला तर व्हॉइसमेलची पेटी भरलेली आहे असे ऐकू येते आणि फोन कटतो. या जूनमध्ये ओरिजिन्सला त्यांचा स्टॉलही नव्हता.

आता खरी अडचण. अंक ३३मध्ये चार भागांचे साहस सुरू झाले. मिठागरांचे एक गाव आणि खाडीच्या तोंडाशी बंद पडलेले दीपगृह. दुसऱ्या भागाच्या शेवटी दीपगृहाचा म्हातारा रखवालदार मरता मरता खेळाडूंच्या हातात एक पितळी किल्ली ठेवतो आणि भाग संपतो. ते सेशन मी एप्रिलमध्ये चालवले. टेबलावर खरी किल्ली ठेवली होती, आईच्या जुन्या कपाटाची, चिंचेने घासून लख्ख केलेली. त्या क्षणी पाचही जण गप्प झाले होते. असा क्षण डीएमच्या वाट्याला वर्षातून एकदा येतो.

तेव्हापासून आमचे टेबल त्या दीपगृहात थांबले आहे. मध्ये मी स्वतः लिहून दोन छोटी साहसे चालवली. पण आमच्यातला सगळ्यात धाकटा, चौदा वर्षांचा, दर वेळी ती किल्ली हातात घेतो आणि विचारतो, 'मावशी, हिचं कुलूप कुठंय?'

पुढचा भाग मनाने लिहा असे कोणी सुचवेल. लिहिता येईल, पण पहिल्या भागापासून पेरलेल्या खुणा मूळ लेखकाने कुठे नेल्या आहेत ते मला माहीत नाही. माझ्या मनाचे कुलूप लावले तर त्या खुणा वाया जातील.

तर प्रश्न असे. माणसापर्यंत पोचायचे कसे? उरलेल्या अंकांचे पैसे मागता येतात का? आणि हा अनुभव एकट्या माझाच की सगळ्यांचा?


मुठाकाठ (पुणे)

ताई, एकट्या तुमचा नाही. माझी वर्गणी तर कोणी न सांगता बंद पडली होती.

एका परदेशी प्रकाशनाची दरमहा वर्गणी होती, पैसे कार्डावरून आपोआप जायचे. १ ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेचा नियम लागू झाला. कार्डावरून ठरावीक काळाने आपोआप पैसे जायचे असतील तर आधी एकदा ओटीपी देऊन तशी नोंद करायची, पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवायचे, आणि ५,००० रुपयांच्या वर रक्कम असेल तर दर वेळी ओटीपी. जून २०२२मध्ये ही मर्यादा १५,००० केली. नियम ग्राहकाच्या भल्याचाच आहे. पण परदेशातल्या छोट्या विक्रेत्याची यंत्रणा त्याला जोडलेली नव्हती. बँकेने पैसे नाकारले, त्यांच्या सॉफ्टवेअरने दोन-तीनदा प्रयत्न केला आणि मला वर्गणीदारांच्या यादीतून काढून टाकले. मला वाटत राहिले अंक टपालात अडकला असेल. तीन महिने गेल्यावर खाते उघडून पाहिले तेव्हा 'रद्द' दिसले.

आता मी वर्षाची रक्कम एकरकमी भरतो, ओटीपी देऊन, एकदाच. भारतातून परदेशी अंक मागवणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगेन. आणि कुरियरने येणार असेल तर केवायसीची कागदपत्रे आधीच भरून ठेवा, नाहीतर पुडके विमानतळावर पडून राहते.


जुनीवही (न्यू जर्सी)

वीसपैलू, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देतो आणि त्यासाठी थोडे मागे जातो.

मी ड्रॅगन आणि डंजन या दोन्ही मासिकांचा वर्गणीदार होतो. ड्रॅगन जून १९७६मध्ये निघाले, डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ आल्यावर दोन वर्षांनी. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हाच्या टीएसआर कंपनीचे ते प्रकाशन. डंजन १९८६मध्ये आले, त्यात फक्त तयार साहसे. १९९७मध्ये टीएसआर ही कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्ट या दुसऱ्या खेळ-कंपनीने विकत घेतली, आणि २००२पासून दोन्ही मासिके पायझो नावाची नवी कंपनी परवान्यावर काढू लागली.

एप्रिल २००७मध्ये जाहीर झाले की परवाना पुढे वाढणार नाही. सप्टेंबर २००७चे अंक शेवटचे: ड्रॅगनचा ३५९ आणि डंजनचा १५०. एकतीस वर्षांचे मासिक बंद. आम्ही जुने वाचक त्या दिवशी एकमेकांना फोन करत होतो, घरात कोणी गेल्यासारखे.

आता तुमच्या कामाचा भाग. वर्गणी म्हणजे वाचकाने आगाऊ दिलेले पैसे, आणि अंक हातात पडेपर्यंत ते प्रकाशकाच्या वहीत देणे म्हणून उभे असतात. मासिक बंद करताना पायझोला हजारो वाचकांचे न काढलेले अंक फेडायचे होते. त्यांनी पर्याय दिले. उरलेल्या अंकांची रक्कम पायझोच्याच पाथफाइंडर या साहसांच्या नव्या मालिकेकडे वळवा, दुकानाच्या खात्यावर जमा ठेवा, नाहीतर परत घ्या. पाथफाइंडरचा पहिला भाग ऑगस्ट २००७मध्ये आला. पुढे ती कंपनी त्या मालिकेवरच उभी राहिली, आणि माझ्या मते त्याचे एक मोठे कारण हे की त्यांनी वर्गणीदाराचा विश्वास त्या चार महिन्यांत गमावला नाही.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या किल्लीशी जुळते. डंजनमध्ये तेव्हा सॅव्हेज टाइड ही बारा भागांची मोहीम चालू होती, अंक १३९पासून. परवान्याची मुदत थोडी वाढवून घेतली गेली ती ही मोहीम पूर्ण व्हावी म्हणून. बारावा भाग शेवटच्या, १५०व्या अंकात आला. मासिक बंद होतानाही टेबलांवर अर्धी राहिलेली गोष्ट आधी पुरी केली. मी तुमचे पोस्ट वाचताना तेच आठवत होतो.

म्हणून पैसे मागायचा हक्क तुम्हाला नक्की आहे. पण मागताना आकडे मांडा: किती अंक भरले, किती आले, किती बाकी.

कायद्याचेही थोडे. टपालाने मागवलेल्या मालाबद्दल अमेरिकेत एफटीसीचा (व्यापार आणि ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी आयोगाचा) नियम आहे, पण मासिकाच्या वर्गणीला तो फक्त पहिल्या अंकापुरता लागू होतो. पुढचे अंक त्यात येत नाहीत. क्रेडिट कार्डाच्या बिलाबद्दल लेखी हरकत घ्यायची कायदेशीर मुदत बिल निघाल्यापासून ६० दिवस असते, तीही तुमची केव्हाच टळली. तरी बँकेला एकदा विचारा, न मिळालेल्या मालाबद्दल कार्ड कंपन्यांचे स्वतःचे वेगळे नियम असतात. तो मात्र शेवटचा दरवाजा. बँकेमार्फत पैसे ओढून घेतले की अंक ३५ मिळायची आशा सोडायची.


टपालपेटी (शिकागो)

मी मासिके पाठवणाऱ्या कंपनीत डेटाचे काम केले आहे. मला दोनच गोष्टी सांगा.

१. पाचही अंकांची पाकिटे किंवा पत्त्याची लेबले जपून ठेवली आहेत का?
२. तुमच्या इमारतीत फ्लॅट किती?


वीसपैलू

जुनीवही, हे सगळे इतक्या मनापासून लिहिलेत, खूप आभार. सॅव्हेज टाइडबद्दल वाचून भरून आले.

टपालपेटी, लेबल थेट प्लास्टिकच्या पिशवीवर असते. नशिबाने मी पिशव्या टाकत नाही, अंक त्यातच ठेवते. इमारतीत २४ फ्लॅट, सगळ्यांचा इमारत क्रमांक एकच. आमचा ३-बी.

आत्ता पाचही पिशव्या काढून ओळीने मांडल्या. ३०, ३१, ३२: नाव, खाली रस्ता आणि इमारत क्रमांक, त्याखाली 'अपार्टमेंट ३-बी', मग शहर. ३३ आणि ३४: नाव, रस्ता, इमारत, शहर. फ्लॅटची ओळच नाही. लेबलाचा टाइपही बदललाय, आधी जाड अक्षर होते, आता बारीक.

इतके महिने हे माझ्या कपाटात होते आणि मी पाहिले नाही.


टपालपेटी

हेच असणार. जानेवारीच्या सुमारास त्यांनी अंक पाठवण्याचे काम एका कंपनीकडून दुसरीकडे दिले. वर्गणीदारांची यादी एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना पत्त्याची दुसरी ओळ गळाली. हे फार वेळा होते. जुन्या यादीत पत्त्याचे दोन रकाने असतात, नव्यात एकच धरला जातो, आणि स्वतंत्र घरात राहणाऱ्यांचे काहीच बिघडत नाही म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. फ्लॅटवाले तेवढे अंकाला मुकतात.

आता ३३ आणि ३४ कसे आले हा प्रश्न उरतो. तुमचा पोस्टमन बदलला का?


वीसपैलू

हो! जुने पोस्टमन एप्रिलमध्ये निवृत्त झाले. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना केक दिला होता. ते नावावरून ओळखायचे.


टपालपेटी

मग कोडे सुटले. नव्या माणसाला २४ पेट्यांत तुमचे नाव शोधायला वेळ नाही. मासिके इथे 'पीरियॉडिकल्स' या स्वस्त दराने जातात. पत्ता अपुरा असला आणि प्रकाशकाने परत पाठवण्याची वेगळी सूचना छापलेली नसली, तर तसा अंक परत जात नाही, रद्दीत जातो. प्रकाशकाला फार तर पत्ता चुकल्याची सूचना मिळते, ती कोणीतरी वाचली तर. घर बदलणाऱ्यांनीही लक्षात ठेवा: पत्ता बदलल्याची नोंद पोस्टात केली की पत्रे वर्षभर नव्या पत्त्यावर येतात, मासिके फक्त ६० दिवस. प्रकाशकाला स्वतंत्रपणे कळवावेच लागते, आणि लेबले आधीच छापून ठेवलेली असल्याने पुढचा एखादा अंक तरीही जुन्या पत्त्यावर जातो.

ईमेलबद्दल. नवी ईमेल केली की बहुतेक ठिकाणी नवा तक्रार क्रमांक पडतो आणि तुम्ही पुन्हा रांगेच्या शेवटी. सगळ्यात जुन्या क्रमांकाच्या उत्तरालाच उत्तर द्या, त्यातच बाकीचे दोन क्रमांक लिहा, दोन्ही प्रकारच्या लेबलांचा शेजारी शेजारी ठेवून फोटो जोडा. 'अंक आला नाही' हे वाक्य रोज शंभर लोक लिहितात. 'जानेवारीपासून तुमच्या यादीतून पत्त्याची दुसरी ओळ गळते आहे' हे वाक्य वाचणारा मात्र थांबतो.


ढगातला (बंगळूर)

मला एक समजत नाही. छापील अंकासाठी एवढे कष्ट का? पीडीएफ घ्या, त्याच दिवशी मिळते, पोस्टमन नाही, लेबल नाही. छापील आरपीजी मासिकांचा काळ गेला. ड्रॅगन आणि डंजनसुद्धा नंतर वेबवरच निघाली. स्टीव्ह जॅक्सन गेम्स या कंपनीचे पिरॅमिड मासिक १९९८लाच कागद सोडून ऑनलाइन गेले आणि पुढे वीस वर्षे चालले. मी सात वर्षे फक्त टॅबवर वाचून कॅम्पेन चालवतो आहे.


जुनीवही

ढगातला, तुमच्या सोयीबद्दल वाद नाही. पण एप्रिल २००९ आठवून पाहा. विझार्ड्सने एका दिवसात आपल्या सगळ्या पीडीएफची विक्री थांबवली. ज्या दुकानांतून लोकांनी रीतसर विकत घेतल्या होत्या तिथून पुन्हा उतरवून घेण्याची सोयही बंद झाली, आणि कळवले गेले ते जेमतेम काही तास आधी. अधिकृत विक्री पुन्हा सुरू झाली २०१३मध्ये. माझ्या माळ्यावरचे डंजनचे अंक त्या दिवशीही माळ्यावरच होते.


ढगातला

हे मला माहीत नव्हते, तेव्हा मी शाळेत होतो. मान्य. पण त्यातून मी घेईन तो धडा वेगळा: विकत घेतलेली पीडीएफ त्याच दिवशी स्वतःच्या डिस्कवर उतरवायची, 'माझ्या खात्यात आहे' यावर विसंबायचे नाही. नकाशा टॅबवर दोन बोटांनी मोठा करून दाखवता येतो, ही सोय मी सोडणार नाही.

आणि वीसपैलू ताई, तुमच्या मागणीत पीडीएफ पहिली ठेवा. छापील अंक यायचा तेव्हा येईल, तिसऱ्या भागाची फाइल ते पाच मिनिटांत पाठवू शकतात. शनिवारचे टेबल तरी चालू होईल.


धुकेरी (लीड्स)

इंग्लंडातून थोडे. इथे वर्गणी डायरेक्ट डेबिटने भरली तर हमी असते: पैसे चुकीचे गेले असतील तर बँक आधी परत देते, चौकशी मग. त्यामुळे प्रकाशकांची ग्राहकसेवा बरीच जागी असते असा माझा अनुभव.

पण अंक वेळेवर येऊनही वर्गणीदार हरू शकतो, तेही सांगते. व्हाइट ड्वार्फ हे गेम्स वर्कशॉपचे मासिक जून १९७७मध्ये सुरू झाले, संपादक इयन लिव्हिंगस्टन. सुरुवातीची दहा वर्षे त्यात डंजन्स अँड ड्रॅगन्स, रूनक्वेस्ट, ट्रॅव्हलर अशा कितीतरी खेळांची साहसे यायची. १९८०च्या दशकाच्या अखेरीला ते हळूहळू फक्त कंपनीच्या स्वतःच्या वॉरहॅमर या खेळाचे झाले. मी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ते अंक जमवते आणि त्या काळातला वाचकांचा पत्रव्यवहार आवर्जून वाचते. अंक तर दर महिन्याला येतोय, पण ज्यासाठी पैसे भरले ते आत नाही, असे त्यांना झाले असणार. याची भरपाई कुठल्याच ग्राहकसेवेकडे नसते. म्हणून मी एका वर्षाच्या वर वर्गणी भरत नाही.


खिळेजुळणी (नाशिक)

मी आरपीजी खेळत नाही. मुलगी खेळते, तिने हा धागा दाखवला. आम्ही चौघे मिळून गेली अठरा वर्षे एक छोटा दिवाळी अंक काढतो, म्हणून पलीकडच्या बाजूचे सांगावेसे वाटले.

छोट्या प्रकाशनात ग्राहकसेवा नावाचे वेगळे माणूस नसते. जो मुद्रितशोधन करतो तोच पाकिटे चिकटवतो आणि तोच फोन घेतो. अंक पोस्टात पडल्यावर पंधरा दिवस फक्त 'अंक मिळाला नाही' हेच फोन. आमच्याकडेही एकदा एका गावचा पिनकोड यादीत चुकला आणि त्या गावचे सगळे अंक भलतीकडे गेले. चूक आमची होती, पण आम्हाला कळली ती एका निवृत्त शिक्षकांच्या पोस्टकार्डामुळे. त्यांनी शेजारच्या दोन वर्गणीदारांकडे चौकशी करून तिघांची नावे लिहिली होती. राग नव्हता त्यात, नुसती माहिती होती. ते पोस्टकार्ड आमच्या कचेरीत अजून काचेखाली आहे.

आणि पैशाचे जुनीवही यांनी बरोबर लिहिले, फक्त त्यात एक गोष्ट घालतो. खरे तर वर्गणीचे पैसे बाजूला ठेवायला हवेत. प्रत्यक्षात छोटा प्रकाशक ते कागदवाल्याला आणि छापखान्याला देतो, आणि तुमचा पुढचा अंक पुढच्या वर्गणीदाराच्या पैशातून निघतो. हात आखडला की पहिली गप्प होते ती फोनची घंटा. म्हणून धुकेरी म्हणतात तसे वर्षाचीच वर्गणी भरा. दोन वर्षांची भरली तर तुम्ही त्याला उसने दिलेत असे समजा, आणि उसने देतो तसेच माणूस बघून द्या.

ताईंनी मात्र पत्र लिहावे. कागदावर. ईमेलच्या पेटीत हजार पत्रे पडतात, टेबलावर एकच.


वीसपैलू

तुम्हा सगळ्यांचे ऐकून काल पत्र लिहिले. सगळ्यात जुन्या क्रमांकाच्या ईमेलला उत्तर म्हणून पाठवले आणि छापून पोस्टानेही, पोच घेऊन. मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठीत देते, कोणाला उपयोगी पडले तर पडो.

'महोदय, गेल्या जूनमध्ये ओरिजिन्सच्या आपल्या स्टॉलवर मी बारा अंकांची वर्गणी भरली (३० ते ४१), पावतीची प्रत सोबत आहे. ३० ते ३४ मिळाले. ३५ आणि ३६ मिळाले नाहीत. याबद्दल मी ३ जून, १ जुलै आणि २० जुलैला लिहिले होते, क्रमांक खाली देत आहे. अंक ३२च्या आणि ३३च्या लेबलांचा फोटो जोडला आहे. ३३पासून माझ्या पत्त्यातली फ्लॅट क्रमांकाची ओळ छापली जात नाही. आपल्या यादीत दुसऱ्या ओळीचा पत्ता असलेल्या इतर वर्गणीदारांचेही असेच झाले असण्याची शक्यता आहे, कृपया पाहावे.

माझी विनंती: ३५व्या अंकातल्या साहसाची फाइल लवकरात लवकर पाठवावी. ३५ आणि ३६ छापील पुन्हा पाठवावेत. शिल्लक नसतील तर तितके अंक वर्गणी वाढवावी. पत्ता दुरुस्त केल्याचे लेखी कळवावे. तीन आठवड्यांत हे शक्य नसेल तर उरलेल्या सात अंकांची रक्कम परत करावी.

आमचे पाच जणांचे टेबल एप्रिलपासून आपल्या दीपगृहात किल्ली हातात घेऊन उभे आहे. गोष्ट फार सुंदर आहे. ती पुरी करायची आमची इच्छा आहे.'

शेवटचा परिच्छेद ठेवू की नको असा विचार करत होते. मग वाटले, हेच तर खरे आहे.


जुनीवही

ठेवलात ते उत्तम केलेत. मुदत घातलीत हेही बरोबर. पोच आली की तारीख पत्राच्या प्रतीवर लिहून ठेवा.


मुठाकाठ

पत्र जपून ठेवतो आहे. लहानपणी आमच्याकडे किशोर मासिक यायचे, एखादा महिना चुकला की आजोबा असेच पोस्टकार्ड टाकायचे: वर्गणीदार क्रमांक, न मिळालेला अंक, खाली सही. विसरूनच गेलो होतो.


वीसपैलू

मंडळी, उत्तर आले. पत्र पोचल्यावर नवव्या दिवशी, आणि लिहिणारे स्वतः ओरिजिन्सच्या स्टॉलवरचे ते गृहस्थ, संपादकही तेच आहेत.

टपालपेटी, तुमचा शब्द न् शब्द खरा निघाला. जानेवारीत अंक पाठवण्याचे काम त्यांनी नव्या कंपनीला दिले, यादी तिकडे नेताना पत्त्याची दुसरी ओळ गेली. आता ते फ्लॅटवाल्या सगळ्या वर्गणीदारांना स्वतः लिहीत आहेत. आणि ईमेलचे: तक्रारींची पेटी पाहणारी व्यक्ती वसंतात सोडून गेली, तेव्हापासून ती पेटी उघडलीच गेली नव्हती. आपोआप जाणारे उत्तर मात्र रोज सगळ्यांना 'नोंद घेतली' सांगत होते. त्याबद्दल त्यांनी सरळ माफी मागितली आहे, कारणे पुढे न करता.

तिसऱ्या भागाची फाइल ईमेललाच जोडलेली होती (ढगातला, तुमचा सल्ला कामी आला, लगेच दोन ठिकाणी उतरवून ठेवली). छापील ३५ त्यांच्याकडे संपला आहे, म्हणून वर्गणी एका अंकाने वाढवली, आता शेवटचा अंक ४२. ३६ वेगळ्या पाकिटातून निघाला आणि आज आला.

पाकीट समोर ठेवूनच लिहिते आहे. जाड पुठ्ठा, एक कोपरा पावसाने भिजून फुगलाय, आतला अंक कोरडा. लेबलावर तिसऱ्या ओळीत 'अपार्टमेंट ३-बी', आणि कोणीतरी पेनाने त्याखाली रेघ ओढली आहे. आत अंकाबरोबर तिसऱ्या भागातला दीपगृहाच्या तळघराचा नकाशा मोठ्या कागदावर छापून, आठ घड्या घालून ठेवलाय. पाठीमागे हाताने एक ओळ: 'किल्ली डावीकडे फिरते, खेळाडूंना सांगू नका.'


खिळेजुळणी

वाचून फार बरे वाटले. मुलीला आत्ताच वाचून दाखवले. ती विचारते आहे, किल्ली कशाची?


वीसपैलू

इथे लिहिता येत नाही हो, आमच्या टेबलावरचे दोघे हा धागा वाचतात. शनिवारी सहाला बसतोय. रविवारी तुमच्या मुलीला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.